गंगापूर रोडच्या क्लासची रविवारची इतिहासाची बॅच
चीनमधल्या मिंग आणि चिंग राजघराण्यांचा काळ खरंच भारी शिकवतात. सर नुसती राजांची यादी देत नाहीत, जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट कसा काम करायचा ते सांगतात, म्हणजे त्याला स्वतःच्या प्रांतात पोस्टिंग मिळायचंच नाही, बोली वेगळी, लोक अनोळखी, मग खरा कारभार हाकायचे स्थानिक कारकून आणि त्यांचं पोट चालायचं लोकांकडून उकळलेल्या फीवर, लाचखोरी कुठून आली ते इथे लख्ख कळतं. सरकारी अधिकारी निवडायची दर 3 वर्षांची प्रांतिक परीक्षा, 1905 ला परीक्षा पद्धतच बंद, सगळं नीट आलं. बायकांचं आयुष्य मात्र घाईत उरकलं, मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून ते घट्ट बांधण्याच्या प्रथेवर दोनच वाक्यं, हे बरोबर नाही. नोट्स मराठीत, एमपीएससीवाल्यांनी नक्की लावा. पार्किंगला जागा कमी आहे.