शेवाळ की दगडफूल? काणकोणात हवेतला किरणोत्सार मोजायचा तर

कैगा अणुवीज केंद्र सीमेपलीकडे, कारवार तालुक्यात. त्यामुळे काणकोण-सांगेकडच्या एखाद्या कॉलेजात हा प्रकल्प सुचणं साहजिक आहे. हवा खेचणारा पंप दिवसरात्र चालवणं महाग पडतं, म्हणून शेवाळ किंवा दगडफुलाचा विचार. शेवाळ (मॉस) आणि दगडफूल (लायकेन) या दोघांनाही खरी मुळं नाहीत. हवा आणि पाऊस जे देतील त्यावरच ती जगतात, म्हणून वरून पडलेले किरणोत्सारी कणही धरून ठेवतात. मग निवडायचं काय? तुम्हाला यंदाचं हवंय की मागल्या काही वर्षांचं, त्यावर ते ठरेल.

मागलं हवं तर दगडफूल. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं आणि पानं गाळत नाही. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर स्कँडिनेव्हियात रेनडियरच्या मांसात किरणोत्सारी सिझियम वाढलं, ते हिवाळ्यात त्यांनी खाल्लेल्या दगडफुलांमुळेच. पण गोव्यात माडा-पोफळीवर दिसतात ते पांढरे चट्टे सालीला इतके चिकटलेले असतात की सालीसकटच निघतात. मसाल्यात घालतो तसं सुटं, पानासारखं दगडफूल हवं तर घाटाकडे जावं लागतं. तिथे बरंचसं रान अभयारण्यात, म्हणजे वनखात्याची परवानगी आली. शिवाय एकदा काढलं की त्याच जागी पुन्हा यायला वर्षं लागतात. दर मोसमात नमुने घ्यायचे असतील तर हा नाद सोडा.

चिऱ्याच्या गडग्यावरचं शेवाळ पावसात फोफावतं, उन्हाळ्यात करपतं. त्यामुळे ते धुऊन, नायलॉनच्या जाळीत भरून टांगलेलं बरं. कधी टांगलं, कधी उतरवलं हे नेमकं माहीत असतं. थैली जमिनीपासून उंच बांधा. खाणपट्ट्यातली लाल धूळ बसली की मातीतलं युरेनियम-थोरियमही मोजणीत येतं. मी असतो तर थैल्याच निवडल्या असत्या.

सिझियम-१३७ दिसलं म्हणून लगेच कैगाकडे बोट दाखवू नका. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचं, जुन्या अणुचाचण्यांतलं अजून मातीत आहे. सिझियम-१३४ चं जेमतेम दोन वर्षांचं. ते सापडलं तर मात्र गोष्ट अलीकडची. थैली ताजी हवा टिपतेय का, हे वातावरणात सतत बनणाऱ्या, अल्पायुषी बेरिलियम-७ वरून कळतं. आणि कैगासारख्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून एरवी बाहेर पडतं ते मुख्यतः ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. ते गॅमा किरण सोडत नाही, म्हणून सिझियमसारखे पदार्थ ओळखणाऱ्या गॅमा मोजणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाही, मग शेवाळ घ्या की दगडफूल.