सरकारी सेवा शिबिर: मांडव प्रशस्त, टेबले अपुरी

हॉटेल, दुकान किंवा मोबाइल यांचे परीक्षण आपण हौसेने लिहितो. सरकारी सेवेचे परीक्षण मात्र मतदानाच्या दिवसावर सोपवून मोकळे होतो. गोव्यात गेली काही वर्षे तालुक्या-तालुक्यांतून सेवा शिबिरे भरतात. महसूल, पंचायत, समाजकल्याण, आरोग्य, वीज, पाणी अशा खात्यांची टेबले त्यांत एकाच मांडवाखाली मांडली जातात आणि नागरिकाने एका हेलपाट्यात आपली कामे उरकावीत अशी अपेक्षा असते. अशाच एका शिबिरात मी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत होतो. तालुक्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष एका कचेरीच्या माथी मारून प्रश्न सुटणारा नाही.

शिबिरात मी एक प्रश्न मनात घेऊनच गेलो होतो. मुख्यमंत्री प्रमोद सावंत मार्च 2019 पासून पदावर आहेत आणि या काळात विरोधकांचा त्यांच्यावरचा सर्वांत ठाशीव आरोप हाच राहिला आहे की सरकारचे लक्ष सोहळे, फलक आणि घोषणा यांच्यावर आहे, प्रत्यक्ष कामावर नाही. विरोधी पक्षनेते युरी आलेमांव आणि गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई यांनी विधानसभेत आणि बाहेर हा सूर सतत लावला आहे. 2022 च्या निवडणुकीत चाळीसपैकी 20 जागा भाजपला आणि 11 काँग्रेसला मिळाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले आणि समोरच्या बाकांवर सातजण उरले. इतक्या थोड्या संख्येच्या विरोधकांना कायदे अडवता येत नाहीत, त्यामुळे प्रतिमेवर बोट ठेवणे हेच त्यांचे मुख्य हत्यार होऊन बसले. ते हत्यार योग्य जागी लागते का, हे शिबिराच्या मांडवात बसून तपासता येते.

आधी चांगले ते सांगतो, कारण ते खरोखर चांगले होते. ज्या कामाचा निकाल टेबलावरच लागतो, ती कामे शिबिरात झपाट्याने होतात. आधार कार्डातला मोबाइल क्रमांक बदलणे, रक्तदाब आणि साखर तपासणे, डोळ्यांची तपासणी करून चष्म्याचा क्रमांक लिहून देणे, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या लाभार्थ्यांचा हयातीचा दाखला स्वीकारणे, अशा टेबलांपुढची रांग पाहता पाहता पुढे सरकत होती. या योजनेत ज्येष्ठांना महिन्याला 2000 रुपये मिळतात. हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही तर पैसे थांबतात आणि म्हाताऱ्या माणसाला तालुक्याच्या गावी दोन बसगाड्या बदलून जावे लागते, ही अडचण ज्याच्या घरात आहे त्यालाच त्या टेबलाची किंमत कळेल. टेबलावरच्या तरुण कर्मचारी बाई प्रत्येकाला ‘काका’, ‘मावशी’ म्हणत होत्या, अंगठा उमटेना तेव्हा हात पुसायला स्वतःचा रुमाल देत होत्या. असे कर्मचारी आपल्या खात्यांत आहेत आणि त्यांचे कौतुक कुठल्याही फलकावर छापले जात नाही.

तेच स्वयंपूर्ण गोवा उपक्रमाबद्दलही म्हणावे लागेल. 1 ऑक्टोबर 2020 रोजी तो सुरू झाला आणि राज्यातल्या 191 पंचायतींकडे ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून सरकारी अधिकारी पाठवायचे ठरले. एक अधिकारी ठरावीक दिवशी पंचायतीत येऊन बसणार, कोणाला कोणती योजना मिळत नाही याची नोंद घेणार, ही कल्पना निव्वळ देखावा म्हणून मोडीत काढता येत नाही. तिचे यश त्या-त्या मित्राच्या चिकाटीवर ठरते.

आता मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडे. शिबिराची वेळ नऊची होती. टेबले नऊला लागलीही होती. परंतु व्यासपीठावर समई पेटेपर्यंत अर्ध्याअधिक टेबलांमागे कोणी बसलेले नव्हते, कारण ज्यांच्या सहीने काम व्हायचे ते अधिकारी पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर पाहुण्यांची वाट पाहत होते. पाहुणे आले, निवेदकाने बिरुदे उच्चारली, नारळ, शाल, पुष्पगुच्छ झाले, भाषणे झाली आणि प्रत्येक भाषणात वरिष्ठ नेतृत्वाचे आभार झाले. या साऱ्या वेळात टोकन हातात घेतलेली माणसे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होती. त्यांतली पुष्कळशी वाड्यावाड्यांतून बसगाड्यांनी आणलेली होती, त्यामुळे उठून जाण्याचीही सोय नव्हती. मांडव मोठा होता, पंखे चालू होते, चहा आणि बटाटवडा वेळेवर मिळाला, पाण्याच्या बाटल्यांची ददात नव्हती. व्यवस्था पाहणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत अशी ती व्यवस्था होती. फक्त ती सभेची व्यवस्था होती, कचेरीची नव्हती.

सर्वांत खटकले ते मंजुरीपत्रांचे वाटप. एका कल्याणकारी योजनेची मंजुरीपत्रे निवडक लाभार्थ्यांना व्यासपीठावर बोलावून देण्यात आली, प्रत्येकाचे छायाचित्र काढण्यात आले आणि टाळ्या झाल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाई पत्र घेऊन परत आल्या तेव्हा त्यावरची तारीख मी पाहिली, तर ती कित्येक आठवड्यांपूर्वीची होती. म्हणजे अर्ज कचेरीत नेहमीच्या पद्धतीने मंजूर झाला होता, पत्र तयार होऊन पडले होते आणि टपालाने घरी पोचण्याऐवजी ते या दिवसासाठी राखून ठेवले गेले होते. त्या बाईंना त्याचे काही वाटले नाही. पत्र मिळाल्याच्या आनंदात त्या छायाचित्र कुठे बघायला मिळेल ते विचारत होत्या. पण प्रतिमेची किंमत सामान्य माणूस कशी मोजतो याचा इतका स्पष्ट पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही. फलकावरचा खर्च सरकारी तिजोरीतून जातो, तर हा उशीर थेट लाभार्थ्याच्या खिशातून.

ज्या कामांना फाइल लागते त्यांचा निकाल तर शिबिरात लागतच नाही. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावरचे नाव बदलायचे असेल, मुंडकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर राहणाऱ्याच्या, घराचा दावा असेल, वारसांची नोंद असेल, तर टेबलावर अर्ज घेतला जातो, त्यावर शिक्का मारून पोच दिली जाते आणि ‘पुढच्या आठवड्यात मामलेदार कचेरीत या’ असे सांगितले जाते. यात कर्मचाऱ्याचा दोष नाही. मुंडकार कायदा 1975 चा आहे. त्यातली प्रकरणे दोन्ही पक्षांना नोटीस काढून आणि सुनावणी घेऊनच निकाली काढावी लागतात, ती मांडवात मिटवणे कायद्यालाच मान्य नाही. आक्षेप आहे तो मोजणीवर. संध्याकाळी जो आकडा जाहीर होतो त्यात चष्म्याचा क्रमांक घेऊन गेलेला माणूस आणि केवळ पोच घेऊन गेलेला माणूस हे दोघेही ‘लाभार्थी’ म्हणून एकाच रकान्यात मोजले जातात. पहिल्याचे काम झाले, दुसऱ्याचा हेलपाटा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकला.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांनी तरी लक्षात घ्यावी. प्रवेशद्वारावरचे फलक ठसठशीत देवनागरीत होते. भाषणे कोकणीत आणि मधूनमधून मराठीत झाली. टेबलावर भरायचे अर्ज मात्र इंग्रजीत होते. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामकाजासाठी मराठी वापरण्याची मुभा आहे, तरीही अर्ज भरून देण्यासाठी दोन विद्यार्थ्यांना एका कोपऱ्यात बसवावे लागले होते. त्या दोघांपुढची रांग मांडवातली सर्वांत लांब रांग होती.

फलकांविषयी थोडे. प्रवेशद्वारापासून टेबलांवरच्या पाट्यांपर्यंत नेत्यांचे चेहरे होते आणि विरोधकांची टीका बहुधा इथूनच सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2015 रोजी सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रे असावीत असा आदेश दिला होता. मार्च 2016 मध्ये तो सैल करून राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांनाही मुभा देण्यात आली. तेव्हा चेहरा छापणे बेकायदा आहे असे म्हणून भागत नाही. मागची सरकारेही याबाबतीत सोवळी नव्हती, आणि आज विरोधात असलेल्यांपैकी काहींनी मंत्रिपदे भूषवली आहेत. मनोहर पर्रीकरांचा अर्ध्या बाह्यांचा शर्टही शेवटी प्रतिमाच होती, तीही देशभर पोचलेली. लोकांनी ती मान्य केली, कारण कामासाठी त्यांच्यापर्यंत थेट पोचता येते असा त्यांचा अनुभव किंवा निदान समज होता.

म्हणूनच विरोधकांचा आरोप मला बरोबर वाटतो, पण त्यांनी मांडलेला पुरावा कमकुवत वाटतो. जाहिरातींवर किती खर्च झाला, सोहळे किती झाले, मांडवाचे कंत्राट कोणाला मिळाले, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. मात्र त्यांना सत्ताधाऱ्यांकडे तयार उत्तर असते, की लोकांपर्यंत योजना पोचवायच्या तर त्यांची माहिती द्यायलाच हवी. त्याऐवजी विधानसभेत लेखी प्रश्न टाकून प्रत्येक शिबिरात किती अर्ज घेतले, त्यांतले किती त्याच दिवशी निकाली निघाले, उरलेल्यांचे सहा महिन्यांनी काय झाले आणि मंजुरीची तारीख व पत्र हातात पडल्याची तारीख यांत अंतर किती, एवढे चार रकाने मागवले तर कोणत्याही घोषणेपेक्षा ते बोलके ठरतील. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे 1500 रुपये वेळेवर खात्यात पडत नाहीत ही तक्रार विरोधकांनी जेव्हा जेव्हा लावून धरली, तेव्हा घरोघरी कान टवकारले गेले, कारण तिथे प्रतिमा आणि प्रत्यक्ष यांतला फरक ज्याच्या त्याच्या पासबुकात दिसत होता.

खरे तर अशा मोजमापासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. कालबद्ध सार्वजनिक सेवा मिळण्याच्या नागरिकांच्या अधिकाराचा कायदा गोव्याने 2013 मध्ये केला आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळायला हवी, ती देण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे करायचे, याची चौकट त्यात आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राआधी, 1997 मध्येच करणारे हे राज्य आहे. असे असताना संपूर्ण मांडवात त्या 2013 च्या कायद्याचा उल्लेख करणारी एक पाटी मला आढळली नाही. ज्या पोचपावत्या दिल्या गेल्या त्यांवरही मुदत लिहिलेली नव्हती. शिबिराला मी जे गुण कापतो त्यांतले सर्वांत जास्त या एका गोष्टीसाठी.

ज्यांना पुढच्या शिबिराला जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. आरोग्य तपासणी, आधार आणि हयातीचा दाखला यांसाठी अवश्य जा. सोबत आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि त्यांच्या दोन-दोन प्रती न्या, कारण मांडवात झेरॉक्सची सोय असेलच असे नाही. एक-चौदाचा नुसता उतारा हवा असेल तर त्यासाठी दिवस मोडू नका. तो संकेतस्थळावरून मिळतो, आणि उत्पन्नाच्या किंवा रहिवासाच्या दाखल्याचा अर्जही गोवा ऑनलाइनवरून करता येतो. नऊला पोचून टोकन घ्या, परंतु उद्घाटन आटोपेपर्यंत टेबलाकडून फारशी आशा ठेवू नका. फाइलचे काम असेल तर अर्ज देताना पोचपावतीवर कोणत्या कायद्याखाली किती दिवसांची मुदत आहे ते कर्मचाऱ्याकडूनच लिहून घ्या. मी तसे मागितले तेव्हा टेबलावरच्या गृहस्थांनी आधी वर पाहिले, मग शेजारच्या अधिकाऱ्यांना विचारले आणि शेवटी पेनाने आकडा घालून सही केली.