फॉस्फेटचा लेप असलेली एनएमसी ८११ पावडर: दोन महिने वापरून

लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडसाठी, म्हणजे धन इलेक्ट्रोडसाठी, लागणारी जास्त निकेलची पावडर हाताळणाऱ्याला पावसाळ्यातल्या स्लरीची (पावडर, बाइंडर आणि द्रावक यांच्या मिश्रणाची) गंमत वेगळी सांगावी लागत नाही. सकाळी शाईसारखी ओघळणारी स्लरी दुपारी दह्यासारखी घट्ट बसलेली असते आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ब्लेड फिरवताच तिच्या गाठी ओढल्या जातात. या त्रासाला कंटाळून आमच्या प्रयोगशाळेने फॉस्फेटची प्रक्रिया केलेली एनएमसी ८११ पावडर मागवली आणि ती नेहमीच्या साध्या पावडरीशेजारी ठेवून वापरली.

एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट, आणि ८११ म्हणजे त्यांचे ८:१:१ असे प्रमाण. ही पावडर भाजताना लिथियम थोडे जास्त घालावे लागते. त्यातले उरलेले लिथियम कणांच्या पृष्ठभागावर राहते आणि हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे त्याचे हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट बनते. कणांना एकमेकांशी आणि पत्र्याशी चिकटवून ठेवणारा पीव्हीडीएफ बाइंडर नासवतो तो हाच अल्कली. पाण्याने धुणे स्वस्त पडते खरे, पण पाणी कणाच्या आतले लिथियमही ओढून नेते आणि पावडर पुन्हा भाजावी लागते. फॉस्फेटच्या प्रक्रियेत मात्र नको असलेले लिथियमच कामाला लागते: त्याचे लिथियम फॉस्फेट होऊन कणावर पातळ लेप बसतो आणि लिथियम आयनांना त्यातून वाट मिळते.

स्लरीच्या बाबतीत या पावडरीने पूर्ण समाधान केले. झाकण लावून रात्रभर ठेवलेली स्लरी दुसऱ्या दिवशी थोडी ढवळताच पुन्हा पातळ झाली, आणि पत्र्यावरचा थर कडेपर्यंत एकसारखा बसला. २०३२ आकाराच्या कॉइन सेलमध्ये (नाण्यासारख्या छोट्या बॅटरीत) ४.३ व्होल्टपर्यंत चार्ज केल्यावर सुरुवातीची क्षमता साध्या पावडरीपेक्षा किंचित कमी भरली, पण चार्ज-डिस्चार्जच्या पुढच्या चक्रांत तिची घट स्पष्टपणे मंद होती.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला ‘हवेत पूर्ण स्थिर’ हा दावा मात्र मला मान्य नाही. आलेल्या पाकिटांपैकी एकाचे सील सैल होते, आणि त्यातल्या पावडरीची स्लरी तासाभरातच जड झाली. बदली पाकीट मिळाले, पण तीन आठवड्यांनी. शिवाय लेप हा कणाच्या बाहेरचा उपाय आहे. ४.२ व्होल्टच्या आसपास स्फटिकाची जाळी एकदम आकसते, कणांना भेगा पडतात आणि लेप नसलेला नवा पृष्ठभाग इलेक्ट्रोलाइटसमोर उघडा होतो. सतत उच्च व्होल्टेजवर काम करणाऱ्यांनी त्यामुळे एकस्फटिकी कणांची किंवा जाळीतच झिर्कोनियमसारखे मूलद्रव्य मिसळलेली पावडर आधी पाहावी.

हवेतले बाष्प काढून टाकलेली कोरडी खोली नसलेल्या आमच्यासारख्या प्रयोगशाळेला जादा किंमत परवडते, कारण वाया जाणारी स्लरी वाचते. पुढची मागणी आम्ही एक किलोच्या पाकिटाऐवजी शंभर ग्रॅमच्या पाकिटांत नोंदवली आहे.