केबल टेन्सिओमीटर: जुन्या दुपंखी विमानावर दोन वर्षं वापरल्यावर

विमानाचे कंट्रोल हलवणारी केबल दोन बोटांत धरून दाबली की ताण कळतो, असं ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी सांगितलं होतं, आणि मीही वर्षानुवर्षं तसंच करत आलो. टायगर मॉथ या दुपंखी विमानाच्या रडरला (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूला) नव्या केबल्स घातल्या तेव्हाही बोटांनीच बघितलं. रडर-बार (पायांनी रडर फिरवायचा दांडा) आणि रडर, दोन्ही मध्यावर पक्के बांधलेले होते. डावी केबल आणि उजवी केबल हाताला अगदी सारखी लागली. मग हा टेन्सिओमीटर, म्हणजे केबलचा ताण मोजायचं यंत्र, लावला: एकीकडे 32 पौंड, दुसरीकडे 41. बांधलेलं सोडलं असतं तर दोन्हीकडचा ताण सारखा होईपर्यंत रडर एका बाजूला सरकला असता आणि बार सरळ धरूनही विमान तिरकं ओढत राहिलं असतं. त्या दिवशी बोटांवरचा माझा विश्वास संपला.

यंत्र साधं आहे. खाली केबल टेकवायच्या दोन ऐरणी, मधे रायझर (केबलच्या जाडीप्रमाणे बदलायचा ठोकळा), बाजूला एक खटका. केबल मधे घालून खटका दाबला की रायझर केबलला किंचित वाकवतो आणि ती वाकायला किती विरोध करते ते काटा दाखवतो. काट्याचा आकडा म्हणजे पौंड नव्हे. तो डब्यातल्या तक्त्यावर केबलच्या जाडीसमोर शोधायचा, मग ताण मिळतो. तक्ता त्याच यंत्राचा, त्याच अनुक्रमांकाचा हवा. दुसऱ्या यंत्राचा तक्ता वापरून काढलेला आकडा माझ्या लेखी कागदावरची रेघोटी आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काटा जागेवर अडकवून ठेवायची कळ. मागच्या कॉकपिटच्या तळाशी हात जातो, डोकं जात नाही. तिथे केबलवर यंत्र लावायचं, काटा अडकवायचा, बाहेर काढून उजेडात वाचायचं. ही सोय नसती तर निम्म्या जागी मला पुन्हा बोटांवरच यावं लागलं असतं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. तीन रायझर जवळजवळ सारखेच दिसतात आणि त्यांच्यावरचे क्रमांक इतके बारीक कोरलेत की तेलाचा हात लागला की वाचता येत नाहीत. एकदा आदल्या कामात जाड केबलसाठी लावलेला रायझर तसाच राहिला आणि मी एलिव्हेटरची (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या भागाची) बारीक, 1/8 इंची केबल मोजायला घेतली. त्या रायझरवर ती पुरेशी वाकलीच नाही, आकडा कमी आला, आणि ताण कमी आहे असं समजून मी टर्नबकल (केबल ताणायचा आट्यांचा जोड) आवळत गेलो. चूक काठीने, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या दांड्याने, दाखवली. उभ्या विमानात एलिव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि काठी पुढे जाते. त्या दिवशी काठी जिथे सोडली तिथेच उभी राहिली. जास्त ताणामुळे पुल्यांवरचं घर्षण एवढं वाढलं होतं की एलिव्हेटरच्या वजनाला ते जिंकता येत नव्हतं. विमान उडायच्या आत हे लक्षात आलं, पण अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो. आता तिन्ही रायझरना मी वेगवेगळ्या रंगाचे ठिपके दिलेत. हे काम बनवणाऱ्यांनी करायला हवं होतं.

मोजण्याआधी काठी आणि बार दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा फिरवून घ्या, म्हणजे पुल्यांच्या दोन्ही बाजूंचा ताण एकसारखा होतो. टर्नबकल किंवा टोकाच्या जोडापासून निदान 6 इंच लांब मोजा. एकाच जागी तीनदा मोजून सरासरी घ्या. हाताने गुंफलेल्या जुन्या जोडावर तर यंत्र लावूच नका.

तापमानाच्या दुरुस्तीचा तक्ता हा वेगळाच विषय. असे तक्ते सहसा ॲल्युमिनियमच्या विमानांसाठी असतात. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून तिथे उन्हात केबल ताणली जाते. टायगर मॉथचं धड पोलादी नळ्यांचं, केबलही पोलादी, त्यामुळे दोन्ही मिळूनच वाढतात. पंख मात्र लाकडी. लाकूड लांबीत पोलादापेक्षा कमी वाढतं, म्हणजे खालच्या पंखातली एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपेची) केबल उन्हात उलट सैल पडते. (या विमानाला एलेरॉन फक्त खालच्याच पंखांना आहेत.) तिथे धातूच्या विमानाचा तक्ता लावला तर दुरुस्ती चक्क उलट्या दिशेला जाते.

आणि केबल धड आहे की नाही, हे हे यंत्र सांगत नाही. 7×19 बांधणीच्या (19 तारांचे 7 पेड) केबलमध्ये 133 तारा असतात आणि पुलीवर वळणाऱ्या भागात त्यातल्या चार तुटल्या तरी ताण बरोबरच दाखवला जाईल. त्यासाठी कापड गुंडाळून केबलच्या अंगावरून ओढायचं. धागा अडकला की थांबायचं आणि ती जागा वाकवून बघायची. पंखांमधल्या चपट्या फ्लाइंग वायर्सही याने मोजता येत नाहीत, कारण तो तक्ता गोल केबलसाठी आहे. या कामासाठी घेणार असाल तर घेऊ नका.

डब्याची कडी सहा महिन्यांत ढिली झाली, फोम मात्र टिकला. मी दर वर्षी यंत्र तपासणीला पाठवतो आणि ते नसेल त्या आठवड्यात केबलचं काम घेत नाही. एकापेक्षा जास्त विमानांवर काम करणाऱ्याने हे घ्यावंच. वर्षातून एकदाच लागत असेल तर नुकतीच तपासणी झालेलं दुसऱ्याचं मागून आणा, तक्त्यासकट. ताण बरोबर आला, टर्नबकलच्या दोन्ही बाजूंना तीनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसत नाहीत, तो फिरू नये म्हणून सेफ्टी वायर बांधली, की मी दुसऱ्या कुणाला तरी कॉकपिटमध्ये बसवतो आणि बाहेर उभा राहून ओरडतो, "काठी उजवीकडे!" उजवा एलेरॉन वर गेलेला डोळ्यांनी पाहिला की मगच कागदावर सही.