रेस दिली की फट्‌-फट्‌: आधी प्लग-कॉइल बघायचे की फ्युएल पंप?

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढायचा, तिसऱ्या गिअरला रेस दाबायची आणि मागून फट्‌, फट्‌-फट्‌. गाडीला बारीक झटके, पिकअप गायब. सपाटीवर मात्र गुणी बाळ. आमची दहा वर्षांची पेट्रोल-सीएनजी गाडी अशी वागायला लागली तेव्हा पहिल्या गॅरेजने काही न तपासता इंजेक्टर साफ केले, फिल्टर बदलला आणि बिल हातात दिलं. पुढच्या रविवारी घाटात पुन्हा तेच. दोष निघाला दोन नंबरच्या सिलिंडरच्या कॉइलमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागात. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की आवाज ओळखायच्या आधी खिशात हात घालू नये.

गोंधळ का होतो ते बघा. चढावर सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचं मिश्रण दाटून भरतं, दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल नेमकी तिथे हात टेकते. इंधनाची मागणीही त्याच वेळी वाढलेली असते, त्यामुळे दमलेला पंपही तिथेच उघडा पडतो. दोघांचा गुन्हा एकाच जागी घडतो, म्हणून मेकॅनिकही अंदाजाने तीर मारतो.

पण दोघांची चाल वेगळी आहे. कॉइल किंवा प्लग गेला की मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं, अचानक, टोकदार येतं. वरच्या गिअरला कमी वेगात रेस दिली तर हमखास. न जळलेलं मिश्रण गरम सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं, म्हणून फट्‌ मागून ऐकू येतो. इंधन कमी पडलं तर गाडी आधी धाप लागल्यासारखी करते. दाबलेला पाय तसाच ठेवला की जोर हळूहळू ओसरतो. मिश्रणात हवा जास्त झाल्याने ते रेंगाळत जळतं आणि कधी कधी आग उलटी फिरून समोर एअर फिल्टरच्या डब्यात फट्‌ होतो. मागून आवाज म्हणजे ठिणगीवर संशय, पुढून म्हणजे इंधनावर, असं ढोबळमानाने धरा. अपवाद असतात.

सीएनजी किट असेल तर तुमच्या डॅशबोर्डवर फुकटचं तपासयंत्र आहे, ते म्हणजे गॅस-पेट्रोलचं बटण. तोच चढ दोन्ही इंधनांवर चढून बघा. फक्त पेट्रोलवर त्रास होत असेल तर पंप, फिल्टर, पेट्रोलचे इंजेक्टर. दोन्हीकडे असेल तर प्लग, कॉइल, हवेची गळती. फक्त गॅसवर असेल तर लोक लगेच किटवाल्याकडे पळतात. पण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे म्हातारे प्लग आधी गॅसवरच बोंबलतात. गॅसचा फिल्टर आणि रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) त्यानंतर.

खर्चाच्या बाजूने तर तुलनाच नको. साधे प्लग हा सगळ्यात स्वस्त सौदा. कॉइल त्याहून महाग, पण ती दोषी आहे की नाही हे एक पैसा न घालवता सिद्ध करता येतं. गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ आला म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय. इंजिन थंड करून, चावी काढून दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करायची, कोड पुसायचा आणि एक फेरी मारायची. आता पी०३०३ आला तर चोर कॉइलच. कोड जागेवरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. आमच्या कॉइलच्या रबरी नळीच्या आतून केसाएवढी करड्या रंगाची रेघ गेली होती. ठिणगी तिथूनच बाहेर पळत होती. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही तशीच रेघ, म्हणून दोन्ही बदलले.

पंपाचं तसं नाही. तो टाकीत बसलेला असतो, मजुरीही जास्त. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पण तेवढ्यावर पंप दोषी ठरत नाही. इंजिनात हवा नेणारी, इनटेकची फाटकी रबरी नळीही तोच कोड आणते. म्हणून प्रेशर गेज लावून, रेस देऊन दाब पडतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पंपाला हो म्हणू नका. सीएनजीवाल्यांना मात्र पंपाची भीती खरी आहे. आपण टाकीत नावाला पेट्रोल ठेवतो, आणि पंप गार राहतो तो त्याच पेट्रोलमुळे.

पिकअप ठीक आहे, सकाळी गार इंजिनवर फट्‌-फट्‌ आणि गरम झाल्यावर कमी, असं असेल तर इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा. सांध्याजवळ काजळीचा काळा पट्टा दिसतो. आणि वळताना रेस दिल्यावर चाकाजवळ टक-टक येत असेल तर तो इंजिनचा विषयच नाही. चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा, म्हणजे सीव्ही जॉइंटचा, रबरी बूट फाटून आतलं ग्रीस उडालंय का बघा.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर हळू घरी या. तो लुकलुकत असेल तर रेस सोडा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्यालाच जाळतं, आणि मग कॉइलच्या किमतीचं हसू येतं.

हे सगळं करूनही आवाज राहिला आणि गाडी लाखभर किलोमीटर गॅसवर पळालेली असेल, तर व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शक्यता आहे. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून घ्या, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करायला सांगा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून मागा. इंजिनाचं हेड उघडायची परवानगी तो कागद हातात आल्यावरच.