१४ इंची, १६:१० पडदा: आठ महिने मराठी प्रुफं तपासल्यावर

‘वर्षात’ आणि ‘वर्षांत’ या दोन शब्दांत फरक फक्त एका टिंबाचा, पण ‘पन्नास’च्या पुढे ते टिंब हवंच. गेल्या वर्षी मी तपासलेल्या एका आत्मचरित्रात ‘पन्नास वर्षात’ असं छापून आलं. ‘र्षां’वर रफार आणि अनुस्वार अगदी खेटून बसतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते दोन्ही मिळून एक काळपट ठिपका दिसायचा, त्यामुळे नुसता रफार असला तरी मला अनुस्वार आहे असंच वाटायचं. लेखक फोनवर फार चांगलं बोलले, तरी मला ते लागलं. नवा लॅपटॉप घ्यायचा आणि पडदा बघूनच घ्यायचा, हे त्याच दिवशी ठरलं.

मी मुद्रितशोधक आहे. रोज सात-आठ तास वर्ड आणि पीडीएफ समोर असतात. जुना लॅपटॉप १५.६ इंची, १३६६ × ७६८ चा होता. म्हणजे एका इंचात साधारण १०० पिक्सेल, पडद्यावरचे बारीक ठिपके. ११ पॉइंटच्या अक्षराला शंभर टक्के झूमवर तिथे जेमतेम १५ पिक्सेल उंची मिळते. रोमन अक्षराचं तेवढ्यात भागतं. आपल्याला मात्र त्याच १५ पिक्सेलांत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असं सगळं बसवायचं असतं. मग ‘द्व’ आणि ‘द्ध’ सारखेच दिसतात. ‘विद्वान’च्या जागी कुणी ‘विद्धान’ टाइप केलं असेल तर ते डोळ्यांना कळत नाही, सवयीने ‘विद्वान’च वाचलं जातं.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर एक पानाची पीडीएफ नेली होती. ११ पॉइंटात शब्द टाकले होते: विद्वान, शुद्ध, उद्ध्वस्त, दृष्ट्या, सर्वांत, वर्षांत, रूढ, रुचकर. पुण्यातल्या टिळक रोडवरच्या दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, फुल एचडी म्हणजे फुल एचडी, सगळे सारखेच.” सारखे नसतात. त्याच्याच काउंटरवर दोन फुल एचडी (१९२० × १०८०) लॅपटॉप शेजारी ठेवून तीच पीडीएफ उघडली, तर एकावर पान पांढरं आणि दुसऱ्यावर राखाडी दिसत होतं. माहितीपत्रकात एकाला ‘४५ टक्के एनटीएससी’ आणि दुसऱ्याला ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं होतं. पडदा किती रंग दाखवू शकतो त्याची ही मापं, पहिल्यात रंग कमी. ज्यांना वर्डमधल्या रंगीत दुरुस्त्या दिवसभर बघायच्या असतात, त्यांनी ४५ वाला घेऊ नये. त्यावर दोन संपादकांच्या खुणांचे लाल आणि केशरी रंग एकमेकांत मिसळतात.

शेवटी घेतला तो १४ इंची, १९२० × १२००, मॅट (न चकाकणाऱ्या) पडद्याचा, ६४ हजारांना. मॉडेलचं नाव देत नाही, कारण त्याच नावाखाली वेगवेगळे पडदे लावून विकतात. आकडे बघा. या पडद्याला कुठे ‘फुल एचडी प्लस’ म्हणतात, कुठे ‘डब्ल्यूयूएक्सजीए’ लिहितात. १०८० च्या जागी १२०० दिसलं की तो १६:१० समजायचा, म्हणजे रुंदी १६ तर उंची १०.

आकाराचं गणित मी घरी पट्टी घेऊन केलं. जुना १५.६ इंची १६:९ पडदा ३४.५ सेंटीमीटर रुंद आणि १९.४ उंच. नवा १४ इंची ३०.२ रुंद आणि १८.८ उंच. रुंदी चार सेंटीमीटरांनी गेली, उंची सहा मिलिमीटरांनीच. प्रुफं वाचणाऱ्याला ती गेलेली रुंदी तशीही लागत नव्हती, पानाच्या दोन्ही बाजूंना राखाडी पट्टे दिसायचे. हाच १४ इंच १६:९ मध्ये घेतला असता तर उंची १७.४ वर आली असती. म्हणून नुसते इंच विचारून उपयोग नाही, इंच तिरके मोजतात.

२०१० च्या आधीची काही वर्षं लॅपटॉपचे पडदे बहुतेक १६:१० चे असत, १२८० × ८०० वर मी बरीच वर्षं काम केलं आहे. मग टीव्हीच्या पडद्यांबरोबर सगळे १६:९ वर गेले, मॅकबुक प्रोसारखे थोडे सोडले तर. २०२० नंतर विंडोजवाले पुन्हा उंच पडद्यांकडे वळले. आपल्यासारख्यांसाठी फार बरं झालं.

आता एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगितली नाही. लॅपटॉप घरी आला तेव्हा विंडोजचं स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवायची सोय, १५० टक्क्यांवर होतं. त्यात १२०० ची उंची कामापुरती ८०० च होते, म्हणजे जुन्या ७६८ पेक्षा फक्त ३२ जास्त! अक्षरं सुरेख दिसत होती, पण ओळी तेवढ्याच. दोन दिवस मी अगदी नाराज होते, पैसे वाया गेले असंच वाटत होतं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन १२५ टक्के केलं आणि ती उंची ९६० झाली. वर्डची वरची पट्टी बारीक झाली, पान वाढलं. जुन्यावर मंगल फॉन्टच्या २० ओळी दिसायच्या, इथे ११० टक्के झूमवर २६ दिसतात. अक्षर जुन्यापेक्षा थोडं लहानच आहे, पण इंचाला १६२ पिक्सेल असल्यामुळे उकार उकार दिसतो आणि ‘रु’ आणि ‘रू’ यांतला फरक पहिल्या नजरेत कळतो. ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांनी स्केलिंग १२५ वर ठेवून फक्त पानाचा झूम वाढवावा. दोन्ही वाढवलंत तर उंच पडद्याचा फायदा उरत नाही.

शेजारी शेजारी दोन खिडक्या हे माझं दुसरं मोठं काम, डावीकडे लेखकाची मूळ प्रत, उजवीकडे लावलेली पानं. ए-४ पान शंभर टक्क्यांवर सुमारे ७९४ पिक्सेल रुंद असतं. जुन्या पडद्याच्या निम्म्यात ६८३ मिळायचे, त्यामुळे पान सतत डावी-उजवीकडे सरकवावं लागायचं. आता ७६८ मिळतात. समास थोडा कापला जातो, मजकूर पूर्ण दिसतो.

२८८० × १८०० चा ओएलईडी, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो असा पडदा, पण बघितला होता. त्यावरचं देवनागरी मी दहा मिनिटं नुसतं बघत राहिले, छापील पानासारखं. तरी घेतला नाही. तो चकचकीत होता आणि माझ्या टेबलामागे खिडकी आहे. शिवाय ओएलईडीत पांढरा रंग दाखवायलाच सगळ्यात जास्त वीज लागते, आणि माझ्यासमोर दिवसभर पांढरं पानच असतं. फोटोंचं काम करणाऱ्यांनी जरूर विचार करावा. ३:२ चा पडदा याहूनही उंच, वाचायला उत्तम, पण माझ्या पैशांत मिळाला नाही.

तक्रारी दोन आहेत. उजेड ३०० निट्सचा (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक). खोलीत ठीक, पण सकाळी गॅलरीत बसून काम करायची माझी सवय मोडावी लागली. दुसरी जास्त त्रासाची: काही प्रकाशक अजून फार जुन्या डीटीपी (पुस्तकाची पानं लावायच्या) सॉफ्टवेअरमधल्या फायली पाठवतात. ती सॉफ्टवेअर स्केलिंगच्या आधीच्या काळातली, त्यामुळे त्यांच्या खिडक्या पुसट दिसतात. मी आता त्यांच्याकडून पीडीएफच मागून घेते. व्हिडिओ बघताना वर-खाली ६०-६० पिक्सेलची काळी पट्टी येते. घरातल्यांना मॅच बघताना ती खुपते, मला नाही.

माझं बघून धाकट्या भावानेही हाच घ्यायचं ठरवलं होतं. तो हिशेबाचं काम करतो, टॅली आणि लांबच लांब एक्सेल. मी त्याला घेऊ दिला नाही. त्याला रुंदी हवी आणि नंबरपॅडही. १६ इंची १६:१० पडदा जुन्या १५.६ इतकाच रुंद आणि वर दोन सेंटीमीटर जास्त उंच असतो, तो त्याने घेतला. वजन जास्त आहे, पण त्याचा लॅपटॉप ऑफिसच्या टेबलावरून हलत नाही. माझा मात्र पिशवीत घालून आप्पा बळवंत चौकापर्यंत रोज जातो.