चिमटे दोन्ही पक्षांना, निधी विद्यार्थ्यांना

आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या फाउंडेशनचा गाला, म्हणजे निधी उभारण्यासाठीचा जेवणाचा कार्यक्रम, मला मनापासून आवडला, आणि तो मुख्यतः राजकीय विनोदामुळे. अमेरिकी सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी 1981 मध्ये सुरू केलेल्या 'कॅपिटॉल स्टेप्स' या विडंबनगीतांच्या गटाची ही परंपरा: ओळखीच्या चाली, नवे शब्द आणि चिमटे दोन्ही पक्षांना. तो गट करोनाकाळात बंद पडला, पण आमच्या गालातल्या कलाकारांनीही तोच समतोल राखला. तो हवाच, कारण फाउंडेशनसारख्या करमुक्त धर्मादाय संस्थेला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. आमच्या टेबलावर एक रिपब्लिकन आजोबा आणि एक डेमोक्रॅट शिक्षिका एकाच विडंबनावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

जेवण ठीक, चिकन कोरडं. लिलाव फारच लांबला.

तिकीट 150 डॉलर. पावतीवर जेवणाचे 60 वेगळे दाखवले होते, म्हणजे करवजावट उरलेल्या 90 चीच. हा चोखपणा मला भावला.

नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीचं बोलणं मात्र अजून डोक्यात आहे. पेल ग्रँट या गरजू विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी अनुदानातून फी भागली, पण गाडी बिघडली तेव्हा फाउंडेशनच्या तातडीच्या मदतीमुळेच तिचं सेमिस्टर वाचलं. पुढच्या वर्षी असं भाषण लिलावाच्या आधी ठेवा. लोक जास्त देतील.